वसंतातील दोन मैदाने : जॅकी रॉबिन्सन यांची जडणघडण

अमेरिकेतील प्रमुख बेसबॉल संघांत ४२ हा क्रमांक आता कोणत्याही खेळाडूला स्वतःचा म्हणून दिला जात नाही. १९९७ मध्ये तो क्रमांक एका माणसाच्या सन्मानार्थ सर्व संघांतून कायमचा निवृत्त करण्यात आला. दरवर्षी १५ एप्रिलला मात्र सर्व संघांतील सर्व खेळाडू, गोरे असोत वा काळे, त्या एका दिवसापुरता तोच क्रमांक पाठीवर घालून मैदानात उतरतात. तो माणूस म्हणजे जॅक रूझवेल्ट रॉबिन्सन. जग त्यांना जॅकी रॉबिन्सन या नावाने ओळखते. सुमारे साठ वर्षे कृष्णवर्णीयांना बंद असलेले बेसबॉलच्या प्रमुख संघांचे दार त्यांनी १९४७ मध्ये उघडले, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु त्या दारापर्यंत पोहोचण्याचे बळ त्यांनी कोठे मिळवले, हे फारसे सांगितले जात नाही. ते त्यांनी शाळेच्या मैदानावर मिळवले. म्हणूनच शाळेच्या या स्मरणिकेत त्यांच्या चरित्राची ही बाजू विस्ताराने मांडणे उचित ठरेल.

जॅकीचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातील कैरो या गावी झाला. गुलामगिरी कायद्याने संपून अर्धशतक उलटले होते. तरी त्या प्रदेशातील काळ्या कुटुंबांचे जिणे फारसे पालटले नव्हते. वडील जेरी रॉबिन्सन गोऱ्या जमीनदाराच्या शेतावर वाट्याने राबत. जॅकी अवघ्या काही महिन्यांचा असताना ते घर सोडून गेले, ते परत आले नाहीत. एडगर, फ्रँक, मॅक, विला मे आणि सर्वांत धाकटा जॅकी अशी पाच लेकरे आई मॅली यांच्या पदरात उरली. मॅली यांनी मोठे धाडस केले. १९२० मध्ये मुलांना घेऊन त्या आगगाडीने निघाल्या आणि संपूर्ण देश ओलांडून पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यात, पसाडेना शहरी जाऊन पोहोचल्या. तेथे गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि घरकाम करून त्यांनी मुलांना वाढवले आणि पेपर स्ट्रीटवर राहण्याचे एक घरही मिळवले.

पसाडेना हे श्रीमंत, बागबगीच्यांचे शहर होते. जॉर्जियातील उघड क्रौर्य तेथे नव्हते. पण भेद होताच. पेपर स्ट्रीटवरील गोऱ्या शेजाऱ्यांनी हे कुटुंब तेथून निघून जावे म्हणून बराच खटाटोप केला. मॅली डगमगल्या नाहीत. शहराच्या सार्वजनिक तरणतलावात गोऱ्यांखेरीज इतरांना आठवड्यातून एकच दिवस उतरता येई. उरलेले सहा दिवस कॅलिफोर्नियाच्या उन्हात काळी मुले कुंपणाबाहेर उभी राहून आतले पाणी पाहत. पाण्याला रंग नसतो, पण पाण्यापाशी जाण्याच्या हक्काला तो चिकटवता येतो, हे जॅकी लहानपणीच शिकला.

शाळेची त्याची पहिली ओळखही वेगळीच होती. आई कामावर जाई आणि लहानग्याला सांभाळायला घरी कोणी नसे. तेव्हा थोडीशीच मोठी असलेली बहीण विला मे त्याला बरोबर घेऊन शाळेत जाई. ती वर्गात शिकत असे आणि तो बाहेर अंगणातील वाळूच्या हौदात खेळत बसे. शाळेत नाव घातले जाण्यापूर्वीच त्याने शाळेच्या अंगणात अशी हजेरी लावली होती.

पुढे किशोरवयात तो पेपर स्ट्रीटवरील उनाड पोरांच्या टोळीत वावरू लागला. त्या टोळीत काळी, जपानी, मेक्सिकन आणि गरीब गोरी मुले होती. दगडफेक, छोट्या चोऱ्या, पोलिसांशी लपंडाव हे त्यांचे उद्योग. मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका शेजाऱ्याने त्याला एकदा जवळ बसवून समजावले की टोळीमागे मेंढरासारखे जाण्याला हिंमत लागत नाही, वेगळे होण्याला लागते. आणि आईला किती यातना होतील याचाही विचार कर. त्या बोलण्याचा जॅकीवर परिणाम झाला. टोळीच्या जागी त्याच्या आयुष्यात मैदान आले.

१९३५ मध्ये तो जॉन म्यूर टेक्निकल हायस्कूलमध्ये दाखल झाला. अमेरिकेतील शाळांचे क्रीडावर्ष ऋतूंनुसार विभागलेले असते, हे येथे सांगितले पाहिजे. शरद ऋतूत अमेरिकन फुटबॉल, हिवाळ्यात बास्केटबॉल, आणि वसंतात, म्हणजे उन्हाळी सुटी लागण्यापूर्वीच्या तीन-चार महिन्यांत, बेसबॉल आणि धावण्या-उड्यांच्या मैदानी स्पर्धा. पहिल्या दोन ऋतूंत मुलापुढे पेच नसतो, वसंतात असतो. दोन्ही खेळांचे सराव एकाच वेळी चालतात आणि दोन्हींचे सामने एकाच आठवड्यात येतात. त्यामुळे बहुतेक मुले त्यांपैकी एकाची निवड करतात. जॅकीने दोन्ही घेतले. बेसबॉलच्या संघात तो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली अवघड जागा, म्हणजे शॉर्टस्टॉप, सांभाळी. क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखे कॅचरचे कामही करी. मैदानी स्पर्धांत त्याची मुख्य बाब लांब उडी. फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या संघांत तर तो होताच. शिवाय टेनिसही खेळे. १९३६ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील कृष्णवर्णीयांच्या वार्षिक टेनिस स्पर्धेत त्याने कुमार गटाचे एकेरी विजेतेपद मिळवले. त्याच काळात पोमोना येथील बेसबॉल स्पर्धेच्या निवडक संघातही त्याला स्थान मिळाले. पुढे अमेरिकन बेसबॉलचे मोठे तारे ठरलेले टेड विल्यम्स आणि बॉब लेमन हे त्या संघात त्याचे सहखेळाडू होते. हे दोघे गोरे होते. त्या मैदानावर तिघांची पात्रता एकाच मापाने मोजली गेली. शाळा संपल्यावर मात्र त्या दोघांना व्यावसायिक संघांचा रस्ता मोकळा होता, जॅकीला नव्हता.

जॅकीने खेळाचे वेड घेतले ते घरातूनच. थोरला भाऊ मॅक हाही म्यूर शाळेचाच विद्यार्थी आणि विलक्षण वेगवान धावपटू. त्याच्या हृदयात दोष असल्याने धावू नये असा सल्ला त्याला मिळाला होता. तरी तो धावतच राहिला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावण्याच्या शर्यतीत जेसी ओवेन्स २०.७ सेकंदांत पहिले आले आणि मॅक २१.१ सेकंदांत दुसरा. जगात एकच माणूस त्याच्या पुढे होता. हिटलरच्या डोळ्यांदेखत दोन कृष्णवर्णीयांनी सुवर्ण आणि रौप्य पदके जिंकली, ही बातमी जगभर गेली. परंतु पसाडेनाने आपल्या या पुत्राचे जे स्वागत केले, त्याची हकिगत वेगळी आहे. पोट भरण्यासाठी मॅकने शहराच्या नोकरीचा प्रयत्न केला, तेव्हा त्याच्या हाती रस्ते झाडण्याचे काम आले. ऑलिंपिक संघाचे जाकीट अंगात घालून तो पसाडेनाचे रस्ते झाडत असे. पुढे तरणतलाव सर्वांना खुला करण्याचा आदेश न्यायालयाने दिला, तेव्हा शहराच्या कारभाऱ्यांनी त्याचा राग काळ्या नोकरांवर काढला. त्यांना कामावरून कमी करण्यात आले. त्यांत मॅकही होता.

धाकट्या भावाने हे सारे पाहिले. पदक गळ्यात पडले म्हणून दार उघडत नाही, हा धडा त्याला घरातच मिळाला. तरीही त्याने मैदान सोडले नाही, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

म्यूरमधील शिक्षण संपवून जॅकी १९३७ मध्ये पसाडेना ज्युनिअर कॉलेजात गेला. जानेवारी १९३८ मध्ये एका काळ्या मित्राला पोलिसांनी अडवले असता त्याने जाब विचारला, म्हणून त्यालाही अटक झाली. शिक्षा स्थगित राहिली, पण दंगेखोर म्हणून त्याच्या नावापुढे खूण लागली. अशा मनःस्थितीत त्या वर्षीचा वसंत आला. ७ मे १९३८ या दिवशी त्याच्या दोन्ही संघांचे महत्त्वाचे सामने एकाच दिवशी आले होते : मैदानी स्पर्धा पसाडेनाच्या पूर्वेस पोमोनाच्या परिसरात, तर बेसबॉलचा विजेतेपदाचा सामना पश्चिमेस ग्लेनडेल येथे. दोन्ही ठिकाणांच्या मधोमध त्याचे स्वतःचे शहर. त्याला इतरांच्या आधी उडी घेण्याची परवानगी मिळाली. तेथे त्याने २५ फूट साडेसहा इंच, म्हणजे सुमारे ७.७८ मीटर, लांब उडी मारली. ज्युनिअर कॉलेजांच्या स्पर्धांतील तो नवा विक्रम होता, आणि मोडला गेलेला विक्रम थोरल्या भावाचा, मॅकचा होता. तेथून मोटारीने तो थेट ग्लेनडेलला गेला. बेसबॉलचा सामना सुरू झालेला होता. गणवेश बदलून तो आपल्या जागी उभा राहिला आणि त्या दिवशी पसाडेनाने विजेतेपद मिळवले. त्या हंगामात दक्षिण कॅलिफोर्नियातील ज्युनिअर कॉलेजांचा सर्वोत्तम बेसबॉलपटू म्हणूनही त्याचीच निवड झाली.

या दिवसाची कथा पराक्रमाची म्हणून सांगितली जाते. पण तिच्यात आणखी एक मर्म आहे. बेसबॉलमध्ये बेस चोरणे नावाचा एक डाव असतो. समोरचा गडी चेंडू टाकण्याच्या बेतात असताना बेसवर उभ्या असलेल्या खेळाडूने क्षणार्धात वेग घेऊन, चेंडू पोहोचण्याआधी, पुढचा बेस गाठायचा असतो. लांब उडी मारणाऱ्याला थोड्या पावलांत पूर्ण वेग घ्यावा लागतो, आणि शेवटचे पाऊल नेमके फळीवर पडावे लागते. एका मैदानावर कमावलेली ही विद्या जॅकीला दुसऱ्या मैदानावर आयुष्यभर उपयोगी पडली. वसंतात दोन खेळ घेणारा मुलगा वेळ वाया घालवीत नव्हता. एका खेळाने तो दुसऱ्या खेळाची मशागत करीत होता.

पुढे त्याला अनेक विद्यापीठांतून निमंत्रणे आली. ज्याचा त्याला सर्वांत मोठा आधार होता, तो भाऊ फ्रँक मोटारसायकलच्या अपघातात मरण पावला होता. त्याच्या कुटुंबाजवळ राहता यावे म्हणून जॅकीने लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ निवडले. तेथे फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि मैदानी स्पर्धा या चारही खेळांत मुख्य संघाचे मानचिन्ह मिळवणारा तो पहिला खेळाडू ठरला. १९४० मध्ये लांब उडीत तो अमेरिकेतील सर्व विद्यापीठांचा विजेता झाला. आश्चर्य असे की, त्या विद्यापीठात त्याची सर्वांत दुबळी कामगिरी बेसबॉलमध्येच झाली. शंभर संधींमागे दहा वेळाही त्याचा फटका यशस्वी ठरला नाही. ज्या खेळाने त्याचे नाव इतिहासात नेले, त्याच खेळात तो एका हंगामात अपयशी ठरला होता, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

१९४१ च्या वसंतात, पदवी हाताशी आली असताना, त्याने विद्यापीठ सोडले. आईचे कष्ट थांबवावेत ही ओढ त्यामागे होती. आणि कितीही शिकले तरी काळ्या माणसाला योग्य काम मिळणार नाही, ही निराशाही होती. मॅकच्या हातातला झाडू त्याच्या डोळ्यांपुढून हलला नसावा. आई मॅली, पुढे त्याची पत्नी झालेली सहाध्यायिनी रेचल आयझम आणि त्याचे मार्गदर्शक असलेले तरुण धर्मोपदेशक कार्ल डाउन्स यांनी परोपरीने समजावले. पण त्याने ऐकले नाही.

दुसऱ्या महायुद्धात रॉबिन्सन सैन्यात दाखल झाले आणि १९४३ मध्ये सेकंड लेफ्टनंट बनले. ६ जुलै १९४४ रोजी टेक्सासमधील लष्करी तळावर बसच्या चालकाने त्यांना मागच्या भागात जाऊन बसण्यास फर्मावले. रॉबिन्सन जागचे हलले नाहीत. त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला भरण्यात आला. नऊ अधिकाऱ्यांच्या त्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. सैन्यातून सन्मानपूर्वक मुक्त झाल्यावर १९४५ मध्ये ते कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या व्यावसायिक संघात खेळू लागले. काळ्यांचे संघ वेगळे, मैदानांच्या वेळा वेगळ्या, प्रवासात हॉटेल मिळेल याचा भरवसा नाही, असे ते जग होते.

ब्रुकलिन डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी ही भिंत पाडण्याचे मनाशी ठरवले होते. २८ ऑगस्ट १९४५ रोजी त्यांनी रॉबिन्सन यांना बोलावून घेतले. खेळाविषयी त्यांना शंका नव्हती. त्यांना पाहायचे होते ते वेगळेच : शिव्या, अपमान आणि मुद्दाम केलेल्या इजा सोसूनही उलट हात न उचलण्याइतके बळ या माणसात आहे काय? जो माणूस पोलिसांपुढे आणि बसच्या चालकापुढे नमला नव्हता, त्याच्याकडून ही अपेक्षा होती. आपला एक ठोसा मागून येणाऱ्या सर्वांचे दार पुन्हा बंद करील, हे रॉबिन्सन यांनी ओळखले आणि वचन दिले. १९४६ च्या फेब्रुवारीत रेचल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वर्षी डॉजर्सच्या मॉन्ट्रियल येथील दुय्यम संघातून खेळताना संपूर्ण लीगमध्ये फलंदाजीत ते अव्वल ठरले.

१५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर जॅकी रॉबिन्सन प्रमुख संघातून पहिला सामना खेळले. २६,६२३ प्रेक्षकांपैकी निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. योगायोग असा की, त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी, २९ एप्रिल १९४७ रोजी, दिल्लीत भारताच्या संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलमाला मान्यता दिली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु एकाच महिन्यात पृथ्वीच्या दोन टोकांना दोन जुन्या दारांचे अडसर निघत होते, हे आपल्या वाचकांच्या मनाला स्पर्शून जाईल.

तो हंगाम त्यांच्या कसोटीचा होता. प्रतिस्पर्धी संघांतून गलिच्छ शिव्या येत. खिळ्यांच्या बुटांनी पायावर जखमा केल्या जात. जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत. काही ठिकाणी हॉटेले दार लावून घेत. रॉबिन्सन यांनी वचन पाळले. त्यांनी उत्तर दिले ते पायांनी. त्या वर्षी त्यांनी २९ बेस चोरले, आणि त्यांच्या लीगमध्ये इतके बेस दुसऱ्या कोणी चोरले नाहीत. वर्षातील सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार त्या वर्षी प्रथमच दिला गेला. तो त्यांना मिळाला. १९४९ मध्ये ते लीगचे सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरले. २८ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, विश्वविजेतेपदाच्या मालिकेतील पहिल्याच सामन्यात त्यांनी होम म्हणजे अखेरचा बेस चोरला. हे सर्वांत अवघड धाडस, कारण कॅचर तेथे चेंडूची वाट पाहत समोरच उभा असतो. म्यूरच्या मैदानावर लांब उडीसाठी घेतलेली ती धाव वीस वर्षांनंतरही त्यांच्या पायांत जिवंत होती. ती मालिका ब्रुकलिनने जिंकली.

१९५६ च्या हंगामानंतर ते खेळातून निवृत्त झाले. एका मोठ्या कॉफी कंपनीचे उपाध्यक्ष म्हणून त्यांनी काम केले. नागरी हक्कांच्या चळवळीत ते हिरिरीने उतरले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीयांच्या बँकेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९६२ मध्ये बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात प्रवेश मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. मधुमेहाने शरीर पोखरले होते. थोरला मुलगा १९७१ मध्ये अपघातात गेला. २४ ऑक्टोबर १९७२ रोजी, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

पदवी न घेता विद्यापीठातून बाहेर पडलेल्या या माणसाच्या नावाने रेचल रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापले. गुणी पण साधनहीन विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देण्याचे काम ते आजही करते. शिकून उपयोग काय, या १९४१ मधील कडवट प्रश्नाला दिलेले हे उत्तर आहे, असे म्हणता येईल. पसाडेनाच्या नगरभवनासमोर १९९७ मध्ये जॅकी आणि मॅक या दोघा भावांची भव्य शिल्पे उभारण्यात आली. ज्या शहराने मॅक रॉबिन्सन यांच्या हाती झाडू दिला, त्या शहराने आपल्या चुकीची कबुली उशिरा का होईना दिली. आणि ती पाहायला मॅक हयात होते, ही समाधानाची गोष्ट.

विद्यार्थी मित्रहो, या दोन भावांचे चरित्र शेजारी शेजारी ठेवून वाचावे. आई एकच, घर एकच, शाळा एकच, मैदान एकच. वेग आणि परिश्रम यांतही उणे-अधिक नव्हते. तरी एकाच्या वाट्याला रस्ते आले आणि दुसऱ्याच्या वाट्याला इतिहास. फरक गुणांत नव्हता. दार उघडण्यात होता. शाळेचे मैदान गुण जोपासते, त्यांना वळण लावते, पराभव पचवायला शिकवते. परंतु त्या गुणांसाठी दार उघडे ठेवणे हे समाजाचे काम आहे, आणि ज्यांना आत जायला मिळाले त्यांचेही. रॉबिन्सन यांनी आत गेल्यावर दार आपल्या मागे लोटून घेतले नाही. मागून येणाऱ्यांसाठी ते जन्मभर धरून ठेवले. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या, दूरच्या गावांतून आलेल्या आपल्या मुलामुलींनी संध्याकाळी मैदानावर उतरताना एवढे स्मरणात ठेवले, तरी या लेखाचा हेतू सफल झाला.